अझरूच्या टॅक्सीअड्ड्याचा लढा

२ ऑक्टोबर

आजपासून वही लिहायची ठरवलं आहे. कारण असं की सरकारने वाहतुकीचा नवा कायदा आणला आहे आणि त्याच्याविरुद्ध आमच्या अझरू गावच्या टॅक्सीअड्ड्यावर जो लढा होणार आहे तो मी लढणार आहे. मी चालक संघाचा चिटणीस. अध्यक्ष हाज मिमून आहेत, पण ते सभेत फक्त बसतात. उद्या कायदा मागे घेतला गेला की जो तो म्हणेल, हे मीच केलं. म्हणून लेखी असलेलं बरं.

कायद्यात दोन गोष्टी आहेत. एक, शेअर टॅक्सीत एका सीटवर एकच माणूस आणि प्रत्येकाला पट्टा. दुसरी, वर्ष संपायच्या आत प्रत्येक चालकाने डॉक्टरकडून तपासून घेऊन नवं कार्ड काढायचं. ज्याला नीट दिसत नाही त्याला कार्ड नाही. दुसरी गोष्ट किरकोळ आहे. पहिली मात्र आमच्या मुळावर आली आहे. आमच्या गाड्या जुन्या मर्सिडीज. पुढे चालकाशेजारी दोघे, मागे चौघे, असे सहा भरले की गाडी सुटते. आता पुढे एक आणि मागे तीन. सहाचे चार! पुढे दोघे बसले म्हणून कुणी मेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हाज मिमून यांच्या ऐकिवात काहीजण आहेत, पण त्यांनी ते सभेत काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

या वहीच्या रेघा फार फिक्या आहेत. दुकानदाराला तसं बोललो. तो मानाचं 'सी' लावून म्हणाला, "सी हम्मू, शाळेतली पोरं हीच वापरतात." पोरं कशी लिहीत असतील देव जाणे. शेवटी खोक्यांवर पत्ते घालायचं जाड पेन विकत घेतलं. एका पानावर फार मावत नाही, पण वाचता येतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अझरूच्या बाजाराचा दिवस. ऐन लूह गावच्या खेपा भरभरून झाल्या. बास्सू आजही दिवसभर गाडीत होता.

बास्सू हा माझा लहानपणापासूनचा मित्र. मेंढ्यांचा व्यापार करायचा. बायको वारल्यावर धंदा सोडला आणि आता माझ्या गाडीतच राहतो म्हटलं तरी चालेल. सकाळी अझरूहून ऐन लूहला येतो, तिथे अर्धा ग्लास चहा पितो आणि माझ्याच गाडीने परत. बसणार कायम पुढे, माझ्या आणि दुसऱ्या प्रवाशाच्या मध्ये, गियरला गुडघा टेकवून. ऐन लूहमध्ये त्याचं काडीचं काम नसतं. मी भाडं घेत नाही, तो माझ्या खिशात कोंबतो. एकटेपणा माणसाचं काय करून ठेवतो, हे मी रोज बघतो.

वाईट याचं वाटतं की अलीकडे त्याला बडबडीची खोड लागली आहे. रस्त्यात जे दिसेल ते लहान मुलासारखं मोठ्याने सांगत सुटतो. "डावीकडून मेंढ्या आल्या, हम्मू." "गाढववाला चाललाय, जरा आत घे." "वळणावर माकडं बसलीत बघ." घरी बोलायला कुणी उरलं नाही, त्याचा हा परिणाम. मी ऐकून घेतो. त्याला बरं वाटावं म्हणून कधीकधी गाडी हळूही करतो.

१५ ऑक्टोबर

संघाची सभा झाली. मी बोललो. पुढच्या सीटवर दोघे बसणं हा नुसता धंद्याचा प्रश्न नाही, अनोळखी माणसांनी एकमेकांना सांभाळून घेण्याची ती आमची रीत आहे, असं म्हटल्यावर काहींनी टाळ्या वाजवल्या. इद्रीस नावाचा एक तरुण चालक आहे, त्याला प्रत्येक गोष्टीत तोंड घालायची हौस. तो म्हणाला, "पण सी हम्मू, पट्टा लावला तर तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही. तुझ्या बापाने पट्ट्याशिवाय बावीस वर्षं टॅक्सी चालवली, त्याचा अपमान होतो."

"माझा बाप सध्या काठी घेऊन चालतो, सी हम्मू."

अशा मुलांपुढे हात टेकावे लागतात. मग हाज मिमून यांनी चहा मागवला. चहा पिता पिता इद्रीसनेच पुन्हा विचारलं, "आणि डोळ्यांच्या तपासणीचं काय ठरलं?"

सगळे माझ्याकडे बघत असावेत असं वाटलं, पण त्या खोलीतला दिवा मंद आहे, खात्रीने सांगता येत नाही. मी म्हणालो, चिटणीस या नात्याने तेही मीच बघेन.

२१ ऑक्टोबर

गावातली माणसं बिघडत चालली आहेत. शेजारचा सुतार म्हणतो, मी काल त्याच्यासमोरून सलाम न करता गेलो. म्हटलं, तू तरी कुठे केलास? म्हणाला, केला होता, हात वर केला होता. हल्ली हात वर करतात आणि तोंडाने बोलत नाहीत. त्यात सगळ्यांचे जेलाबाचे झगे एका रंगाचे, टोपडी नाकापर्यंत ओढलेली. ओळखायचं कुणाला? रस्त्यावरचे दिवेही नगरपालिकेने कमी केलेले दिसतात. माझी बायको रबहा म्हणाली, तेवढेच आहेत. बायकांचं अशा गोष्टींकडे लक्ष नसतं.

रबहाबद्दल मात्र एक चांगलं लिहायचं आहे. ती हल्ली चहाचा ग्लास माझ्यासमोर ठेवत नाही. थेट हातात देते आणि मी नीट धरला की मगच सोडते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे प्रेम वर आलेलं बघून बरं वाटलं. तिला तसं म्हटलंही. ती आत गेली.

१ नोव्हेंबर

आजपासून नियम लागू झाला आणि आम्ही संप केला. सकाळी एकही गाडी हलली नाही. मी अड्ड्याच्या कट्ट्यावर उभा राहून बोललो. समोर बरीच गर्दी होती आणि अतिशय शांतपणे ऐकत होती. नंतर इद्रीस म्हणाला की ती गर्दी नव्हती, गालिचेवाल्याने गुंडाळ्या भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्या. मस्करीलाही काही मर्यादा असते.

दुपारी हाज मिमून लग्नाची माणसं घेऊन मेकनेसला गेले. चौघे, पट्टे लावून. म्हणाले, नात्यातलं लग्न आहे, मोडता येत नाही. त्यानंतर मी संप संपल्याचं, म्हणजेच लढ्याचा पुढचा टप्पा सुरू झाल्याचं जाहीर केलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुढची जागा एकच उरल्यामुळे तिथे कुणी बसायचं यावर अड्ड्यावर दोन दिवस वाद चालला होता. शेवटी रिवाजाप्रमाणे ठरलं: एकटी बाई असेल तर ती, मग आजारी माणूस, मग म्हातारा. आज पहिल्या खेपेला उस्ताजा बहिजा पुढे बसल्या. त्या ऐन लूहच्या शाळेत गणित शिकवतात, राहतात इथे अझरूला. त्यामुळे बास्सूला मागे जावं लागलं. तो मधल्या जागेवर बसला आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना कोपराने ढकलून पुढे वाकून राहिला. म्हटलं, चला, आता तरी शांतता. गाव मागे पडलं आणि मागून आवाज आला, "हम्मू, मेंढ्या!"

उस्ताजा दचकल्या. "काय झालं, सी बास्सू?"

"काही नाही, लेकी. मेंढ्या आहेत."

"दिसतायत की मला."

"तुला दिसतायत गं," बास्सू म्हणाला.

मी उस्ताजांना हळूच समजावलं, "मनावर घेऊ नका. बायको गेल्यापासून असं करतो. समोर येईल ते सांगत सुटतो."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सी हम्मू, त्या समोरच्या पाटीवर काय लिहिलंय हो?"

"उस्ताजा, तुमच्या जन्माआधीपासून मी हा रस्ता चालवतो. पाट्या नव्या माणसांसाठी असतात."

त्या हसल्या नाहीत. देवदारांच्या वळणावर बास्सूने घसा साफ केला, पण तो काही बोलायच्या आत उस्ताजाच म्हणाल्या, "समोरून लाकडाचा ट्रक येतोय. आपल्या बाजूने. उजवीकडे, कडेला घ्या, सी हम्मू."

मी घेतली. ट्रक खरोखरच आला आणि अगदी घासून गेला. पण गणित शिकवणाऱ्या बाईसुद्धा! बडबडीची लागण होते हे मला ठाऊक नव्हतं.

१३ नोव्हेंबर

पट्टा लावला की माणूस भित्रा होतो, हे माझं निरीक्षण मी वाहतूक खात्याला कळवणार आहे. पूर्वी सहा माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून झोपून जायची. आता चौघे असतात आणि चौघेही बोलतात. डावीकडे बसलेला डावीकडचं सांगतो, उजवीकडचा उजवीकडचं, आणि पुढे बसलेल्या बाईकडे समोरचं काम. काम वाटून घेतल्यासारखं. लोणी विकणारी म्हातारी आणि बास्सू आज भांडले की पुढचं खेचर उभं आहे की चालतं आहे. मी म्हटलं, अरे, मला बघू द्या की जरा. दोघे एकदम म्हणाले, "चालतंय, चालतंय."

एकदा एक परका माणूस गाडीत होता, शहरातला, चकाचक बूट. तो म्हणाला, "हे काय चाललंय?"

म्हातारी म्हणाली, "आमच्याकडे असंच असतं, बाळा. तुझ्या खिडकीत काय आहे ते तू सांग."

"दरी आहे," तो म्हणाला, आणि पुढे सबंध रस्ताभर दरी किती लांब आहे तेवढंच सांगत राहिला. चांगल्या घरचा वाटला.

इद्रीसने डोळे तपासून घेतले म्हणे. चष्मा लागला. अड्ड्यावर मिरवतो आहे. मी म्हटलं, काय रे, आता हिशेबनीस होणार का? म्हणाला, "सी हम्मू, झाडांना पानं सुटी सुटी असतात हो." या वयात त्याला हे कळलं.

२७ नोव्हेंबर

आजचा दिवस लढ्यात सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा आहे. कार्डांचा प्रश्न मी एकट्याने सोडवला.

दुसऱ्या गावचा एक डॉक्टर आहे, नाव लिहीत नाही. त्याच्याकडे मी सगळ्या चालकांचे फोटो आणि कागद एका पिशवीत घालून घेऊन गेलो. तो जेवत होता. एका हाताने पाव, दुसऱ्या हाताने सही, असं त्याने ताट संपेपर्यंत सगळ्यांना निरोगी केलं. माझा कागद आला तेव्हा मी म्हणालो, "डॉक्टर, तो मीच." त्याने मान वर न करता लिहिलं: दृष्टी उत्तम. याला म्हणतात अनुभव. काही डॉक्टर तासभर यंत्रं डोळ्याला लावून बसतात.

अड्ड्यावर मी कागद वाटले. हाज मिमून म्हणाले, "तुझंही झालं का?" म्हटलं, सगळ्यात आधी. ते "बरं" म्हणाले आणि माळ ओढत बसले. आभार मानायची पद्धतच राहिली नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

बास्सूशी भांडण झालं. इतक्या वर्षांत पहिलं.

ऐन लूहला चहा पिताना मी त्याला कागद दाखवला. त्याने तो हातात घेतला. मग म्हणाला, "त्याने तुला तपासलं?"

"एका नजरेत."

"त्याच्या नजरेचं नाही विचारत. तुझ्या."

"अरे, वाच की. उत्तम लिहिलंय."

"हम्मू, मी डिसेंबरची वाट बघत होतो," तो म्हणाला. "गुडघे मोडले माझे त्या मधल्या जागेवर. म्हटलं, तीनेक महिने काढू. डिसेंबरात सरकारच काय ते सांगेल. मग तू सरकारला शिव्या घालशील, मला नाही."

"सरकार काय सांगणार होतं?"

तो उठला. चहा तसाच टाकून. अड्ड्यावर जाऊन इद्रीसच्या गाडीत बसला आणि निघून गेला. म्हणजे इतके दिवस हा माणूस माझ्या गाडीत बसून मनातून कायद्याच्या बाजूने होता! शत्रू बाहेर शोधत होतो मी.

५ डिसेंबर

शुक्रवारी बास्सू आमच्याकडे कुसकुस खायला येतो. आज आला नाही. रबहाने त्याच्यासाठी वाडगं भरून पाठवलं. मी म्हटलं, फितुराला कशाला? ती म्हणाली, "त्याला फितूर म्हणालास तर पुढच्या शुक्रवारी तुझंही वाडगं तिकडेच पाठवीन, मग तूही तिकडेच जेव." मला वाईट वाटलं. बास्सू नसल्याचं जास्त.

११ डिसेंबर

माझी गाडी भरत नाही. रांगेत पहिली असली तरी लोक येतात, कुणाची आहे बघतात आणि म्हणतात, "आम्हाला जरा वेळ आहे." मग मागच्या गाडीत बसतात. त्यांना अजिबात वेळ नसतो, मला ऐकू येतं सगळं. लोण्याची म्हातारी तेवढी जवळ आली. माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "सी हम्मू, बास्सू येत नाही ना आता? मग मला भीती वाटते रे."

"मी आहे की!"

"तूच आहेस ना फक्त," ती म्हणाली.

हे काय बोलणं झालं? विचार करकरून डोकं शिणलं. एक मात्र इथे स्पष्ट लिहितो. मला या गाडीशिवाय दुसरं काही येत नाही. बापाने मेंढ्या दिल्या होत्या, त्या विकून मी चाक हातात घेतलं. कुणी मला हम्मू कोण असं विचारलं तर लोक सांगतात, ऐन लूहचा टॅक्सीवाला. टॅक्सी काढून घेतली तर त्या वाक्यात नुसतं ऐन लूह उरतं, आणि मी तिथला नाही.

१८ डिसेंबर

गाडी भरेना म्हणून रिकामीच घेऊन ऐन लूहला निघालो. वाटेत कुणी हात केला तर घेऊ, असा विचार. कुणी हात केला नाही, किंवा केला असेल.

देवदारांच्या वळणापुढे एक मेंढी चाकाखाली आली. मी उतरलो. मेंढपाळ धावत आला आणि माझ्या अंगावर ओरडायला लागला, "सबंध कळप रस्त्यात आहे! सबंध! आंधळा आहेस का?" मी त्याला मेंढीची भरपाई दिली. तो आणखी ओरडायला लागला. म्हणाला, मीसुद्धा मधेच उभा होतो.

रबहाला सांगितलं, धुकं होतं.

धुकं नव्हतं.

२९ डिसेंबर

नवं कार्ड आलं. चकचकीत आहे. फोटो छान आला आहे असं रबहा म्हणाली. पुढच्या कितीतरी वर्षांची चिंता मिटली. रबहाने चहा दिला आणि ग्लास सोडला नाही. बराच वेळ आम्ही दोघांनी तो धरून ठेवला. मी विचारलं, काय गं? म्हणाली, "काही नाही. गरम आहे."

७ जानेवारी, बुधवार

आज ऐन लूहचा बाजार. दुपारी उशिरा मी रांगेत होतो. कुणी येईल अशी आशा नव्हती. इतक्यात उस्ताजा बहिजा आल्या. शाळा सुटली होती. पलीकडे इद्रीसची गाडी उभी असूनही माझ्याच गाडीचं पुढचं दार उघडून बसल्या आणि पट्टा लावला. त्यांना बघून मागे आणखी तीन माणसं बसली. त्यात एका बाईजवळ न खपलेल्या दोन कोंबड्या होत्या. गाडी भरली! मला इतका आनंद झाला की मी उस्ताजांना म्हणालो, "लढ्याला यश आलं बघा."

त्या म्हणाल्या, "आज कुणी बोलू नका हं. माझं डोकं दुखतंय."

कुणी बोललं नाही. बऱ्याच दिवसांनी अशी शांत गाडी मिळाली होती. कडेला बर्फ होतं, रस्ता कोरडा. ऊन होतं. धुकं नव्हतं, हे आज आधीच लिहून ठेवतो. देवदारांतून बाहेर पडल्यावर रस्ता सरळ आहे, तिथे मी नेहमी वेग देतो. रस्ता रिकामा होता. मी वेग दिला.

"थांबवा!" उस्ताजा किंचाळल्या. मागून तिघेही ओरडले, कोंबड्याही. "थांबवा, थांबवा!"

कशासाठी ते मला कळलं नाही, पण पाय ब्रेकवर गेला. गाडी घसरत गेली आणि थांबली. समोर, बॉनेटला टेकून, काहीतरी तपकिरी होतं. ते बोललं.

"दिसलो का?"

बास्सूचा आवाज. मी खाली उतरलो. "रस्त्यात काय करतोयस, गाढवा? मेला असतास!"

"ते नंतर. दिसलो का?"

मी खोटं बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. "कधीपासून उभा आहेस?"

"तू झाडांतून बाहेर आलास तेव्हापासून. दोन्ही हात हलवत होतो. मेंढ्या हाकताना हलवतो तसे."

"मला वाटलं..." मी म्हणालो. पण पुढचं वाक्य मला सापडेना, कारण मला काहीच वाटलं नव्हतं. मला रस्ता दिसला होता आणि त्यावर कुणी नव्हतं.

"मी बोलत राहिलो ते चुकलं माझं," बास्सू म्हणाला. "तुला वाईट वाटू नये म्हणून बोलत राहिलो. मग सगळेच बोलायला लागले. गावच्या गाव तुझ्या मानापायी गाडीत जीव मुठीत धरून बसायचं. आता कुणी बोलणार नाही, हम्मू. मी रोज इथे येऊन उभा राहीन. मला उडवशील तेव्हा तुझं तुला कळेल."

"उस्ताजांना ठाऊक होतं?"

"मीच हो म्हटलं होतं," उस्ताजा गाडीतून म्हणाल्या. त्या रडत होत्या. "ओरडायला मला उशीर झाला असता तर काय, हे मी धरलंच नव्हतं. मी मूर्ख आहे."

कोंबड्यावाली बाई पट्टा सोडून उतरली आणि म्हणाली की तुम्ही सगळेच वेडे आहात, मी चालत जाते. गेलीसुद्धा.

मला लाज वाटली. लाजेपेक्षाही भीती जास्त वाटली, कारण मी तो जेलाबा हाताने चाचपून बघितला, आत बास्सू होता, आणि त्याच्या पोटाला बॉनेटची ऊब लागली होती. मी बॉनेटवर डोकं टेकून रडलो. तो माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मागून कुणाची तरी गाडी आली आणि हॉर्न वाजवून निघून गेली.

मग मी किल्ली उस्ताजांना दिली. "तुम्हाला चालवता येते ना?"

"माझी लहान गाडी आहे, सी हम्मू. एवढी मोठी कधी..."

"लांबीला मोठी आहे, बाकी तीच. दुसरा गियर जरा दाबून टाकावा लागतो."

मी पुढच्या सीटवर बसलो आणि पट्टा लावला. तो कुठे अडकवतात ते उस्ताजांनी दाखवलं. कोंबड्यावालीच्या जागी बास्सू बसला. अझरूपर्यंत उस्ताजा गियर टाकताना "माफ करा" म्हणायच्या तेवढंच.

गावाच्या तोंडाशी चौकी आहे. शिपायाने गाडी थांबवली. आवाज नवा होता, तरुण. म्हणाला, "बाईंकडे टॅक्सीचं कार्ड आहे का?"

"नाही," उस्ताजा म्हणाल्या.

मी माझं कार्ड आणि डॉक्टरचा कागद खिडकीतून पुढे केला. "गाडी माझी आहे, साहेब. हा मी."

त्याने कागद उलटसुलट केला. "नवं कार्ड. दृष्टी उत्तम. सगळं ठीक आहे की. मग तुम्ही स्वतः का चालवत नाही?"

या चौकीवर मी आजवर पुष्कळ कारणं सांगितली आहेत. आताही दोनतीन ओठांवर आली होती. रबहाला, संघाला, या वहीला सांगून झालेली.

"मला दिसत नाही," मी म्हणालो.

शिपायाने कागद पुन्हा उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे किती दिसत नाही?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे नीट बघितलं. जितकं बघता येईल तितकं बघितलं.

"तुम्हाला मिशी आहे का, ते सांगता येणार नाही, साहेब."

"आहे," तो म्हणाला, आणि त्याने गाडी जाऊ दिली.